मुरापाचा हात

बोरुबायच्या डाव्या पायाला त्या दुपारी मुंग्या आल्या नसत्या, तर मी आजही निवांत शिलाईची मशिनं दुरुस्त करत बसलो असतो आणि मला झोपही लागली असती.

एप्रिल महिना होता. पाटाला पाणी सोडायच्या आधी आमच्या काराजिगाच गावात एक मेंढी कापतात आणि त्या वर्षाचा मुराप नेमतात. नदीवरून येणाऱ्या पाटाचं पाणी पाळीपाळीने वाटणारा तो मुराप. नेमायची रीत साधी आहे. जेवण झालं की गावातला सर्वांत म्हातारा माणूस त्याला समोर बसवून बाता देतो. म्हणजे दोन्ही तळवे उघडे धरून आशीर्वाद देतो. सगळे आपापले तळवे उघडे धरतात, शेवटी 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवतात, आणि काम संपतं. कागद नाही, शिक्का नाही. एकदा जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब शिक्का घेऊन आला होता. त्याला पोटभर जेवायला घातलं आणि शिक्क्यासकट परत पाठवलं.

त्या वर्षी उमेदवार एकच होता, बोरुबाय. वरच्या वस्तीतली पाटालगतची जमीन जवळजवळ सगळी त्याची. मागचे तीन उन्हाळे खालच्या वस्तीचं पाणी वाटेत त्याच्या शेतात मुक्कामाला राहत होतं. आधीचा मुराप एसेनकान ह्याने एकदा हरकत घेतली, आणि त्याच दिवशी तो पाटात घसरून पडला, गळ्याखालचं हाड मोडलं. घसरताना त्याची गळपट्टी बोरुबायच्या मुठीत होती हे पाचपन्नास लोकांनी पाहिलं. पण बोरुबाय त्याला वाचवत होता, असं ठरलं. एसेनकान आता रशियात टॅक्सी चालवतो. तिथेही घसरडं असतं म्हणतात, पण ते बर्फामुळे.

त्यामुळे दुसरं कोणी उभं राहिलं नाही. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली द्यायचीच आहे, तर निदान मेंढी तरी चांगली असावी, एवढाच गावाचा आग्रह होता. मेंढी बोरुबायनेच दिली होती.

मी तिथे जेवायला नव्हतो. मी जावई, त्यातही घरजावई. खिंडीपलीकडच्या माझ्या गावाहून लग्न करून आलो तो सतरा वर्षं सासूच्या घरी राहतो आहे. नाव जोल्दोश. पंगतीत मला नावाने कोणी हाक मारत नाही, 'जावया, पाणी' एवढंच. जेवणाआधी आणि जेवणानंतर पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं हे जावयाचं काम. एका हातात तांब्याची झारी, दुसऱ्या हातात तस्त, खांद्यावर टॉवेल. वय एक्केचाळीस झालं तरी ह्यातून सुटका नाही. घरात नवा जावई आला की जुना सुटतो, पण माझ्या सासूला एकच मुलगी.

तर जेवणं झाली. मोल्दोकुल आबांनी, वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आपली चरबीने माखलेली बोटं पुढे केली आणि विचारलं, "हं, कुठाय तो? ये, बस माझ्यासमोर."

बोरुबाय मानाच्या जागी तीन तास मांडी घालून बसला होता. तो उठला आणि पुन्हा बसला. "थांबा जरा," तो पुटपुटला, "पायाला मुंग्या आल्यात," आणि पोटरी चिमटू लागला.

नेमक्या त्या क्षणी मी आबांची बोटं धुवायला त्यांच्यासमोर गुडघे टेकले. आबांनी चाचपडत माझं मनगट पकडलं.

मला कोणी पकडलं की माझी वाचा जाते. सासुरवाडीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज चटकन बाहेर येत नाही. आबांनी मनगट बराच वेळ धरून ठेवलं, जणू नाडी बघतायत. मग सोडलं आणि दोन्ही तळवे उघडले.

पंगतीतल्या चाळीसही जणांचे तळवे उघडले.

"पाणी तुझं ऐको," आबा म्हणाले. "तुझा शब्द उताराने वाहो. तहानलेल्याला तुझ्या दारी भांडावं न लागो, आणि भांडणाऱ्याला तुझ्या दारी जास्तीचं न मिळो..."

दुसऱ्याच वाक्याला मला कळलं की हे पाणी चुकीच्या शेतात चाललंय. सगळ्यांनाच कळलं. पण चालू बाता मध्येच तोडायची हिंमत आमच्याकडे आजवर कोणी केलेली नाही. इथे लग्न मोडतील, बस थांबवतील, पण बाता तोडणार नाहीत. मीही तळवे उघडून बसलो. झारी मांड्यांत धरली होती, ती कलंडली आणि माझी विजार भिजली. ह्याबद्दल गावात नंतर दुसरीच हकिकत सांगितली गेली. ती खोटी आहे. निदान त्या दिवशीची तरी.

आबांनी छोटी नाही, चांगली लांबलचक बाता दिली. शेवटी चाळीस आवाज एकदम उठले, "ओमीन!"

हात आपोआप फिरतात. मी भीत भीत बोरुबायकडे पाहिलं. एक हात पोटरीवर, आणि दुसरा कपाळावरून गालांवरून हनुवटीपर्यंत आलेला. पन्नास वर्षांची सवय. तोही ओमीन म्हणाला होता! हात हनुवटीशी आल्यावर ते त्याच्या लक्षात आलं, आणि हात तिथेच राहिला.

कोणीतरी ढेकर दिला. मग आबांच्या शेजारचा माणूस त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आबा, तो बोरुबाय नव्हता. उम्सुनचा जावई होता. हात धुवायला आला होता."

"मग ओमीन म्हणालात का?"

"म्हणालो."

"सगळे?"

"सगळे."

"मग आता मला कशाला सांगता? चहा आणा."

आणि त्यांनी चरबीची बोटं स्वतःच्याच दाढीला पुसली.

बाहेर आल्यावर बोरुबायने माझ्या खांद्यावर हात टाकला. तो माझ्या बायकोचा थोरला चुलतभाऊ, म्हणून मी त्याला बाइके म्हणतो. त्याच्या नावापुढे तसं सगळं गावच बाइके लावतं, नातं असो नसो.

"घाबरलास, जावया?"

"हो, बाइके."

"घाबरू नकोस. मुरापाचं लोखंडी हँडल तू ठेव, मान तू घे. पाणी तेवढं माझ्याकडे राहू दे. जड वस्तू तू कशाला उचलतोस?" असं म्हणून त्याने खांदा प्रेमाने दाबला. माझ्या गळ्याखालच्या हाडाला एसेनकानची आठवण झाली.

घरी सासूला बातमी आधीच पोचली होती. उम्सुन आपा दारातच उभी.

"सतरा वर्षांत ह्या माणसाने आमच्या कोंबडीला हुसकलं नाही," ती आल्या-गेल्याला सांगत होती, "आणि हा आता बोरुबायला हुसकणार!"

"आपा, गप गं," माझी बायको बुरुल म्हणाली. ती हसत होती. मी हँडल जमिनीवर ठेवलं तेव्हा तिचं हसू थांबलं. हातभर लांब, गंजकं, मधे वाकलेलं लोखंड. पाटाच्या मुख्य दाराचं चाक त्याच्याशिवाय फिरत नाही.

"लहानपणी बोरुबायने माझी बाहुली विहिरीत टाकली होती," ती म्हणाली. "आणि मग तोच सगळ्यांच्या पुढे होऊन शोधायला आला. मी रडत होते, तर मला म्हणाला, 'रडू नकोस, मी आहे ना.'"



सकाळी उजाडताच मी आबांकडे गेलो. ते ओट्यावर ऊन खात बसले होते.

"आबा, बाता परत घ्या."

"कोण रे?"

"जोल्दोश. उम्सुनचा जावई. ज्याला काल चुकून..."

"अच्छा, तो हात तुझा!" आबा म्हणाले. "इकडे दे बघू." त्यांनी मनगट पुन्हा धरलं. "हो, हाच. काल मला वाटलं, बोरुबायचा हात आहे. आणि काय सांगू पोरा, तो थरथरत होता. मी म्हटलं, वा! बोरुबायला कामाची भीती वाटते तर! म्हणून मन भरून बाता दिली. नाहीतर मी दोन शब्दांत उरकणार होतो. मलाही बोरुबायची भीती वाटते."

"पण आबा, माझा हात नेहमीच थरथरतो. मला सगळ्याचीच भीती वाटते. मी ह्या कामाचा नाही. माझ्यात जोर नाही."

"जोर मी कुठून देऊ? मला स्वतःला परसाकडे जायला दोन माणसं लागतात. माझ्याकडे शब्द होता, तो दिला. आता तो तुझा."

"परत घेता येत नाही?"

"बातेला परत ओढायला दोरी नसते. उलटी देता येते फक्त." आबांनी दोन्ही हात वर केले आणि अर्ध्यावरच थांबवून पटकन मांडीवर ठेवले, जणू चटका बसला. "तळवे बाहेर, हातांची पाठ आपल्याकडे. तो शाप. मी आयुष्यात एकदाच दिला. माझा घोडा नाहीसा झाला होता. मी शेजाऱ्यावर संशय घेतला आणि त्याच्या दारात उभा राहून उलटे हात केले. दुसऱ्या दिवशी घोडा चरून आपणहून परत आला."

"आणि शेजारी?"

"त्याची जर्दाळूची झाडं त्याच वर्षी वाळली. कीड पडली असेल. असेलच. पण बावन्न वर्षं मी त्या खुंटांसमोरून जातोय." आबांनी चेहरा माझ्याकडे वळवला. डोळ्यांत दुधाचा रंग. "भरली बाता मिळालेला मुराप उलटे हात करील तर ते लागतात, म्हणतात. तेव्हा हात जपून वापर. नाहीतर वापरूच नकोस. चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. आलो होतो तेव्हा मला फक्त बोरुबायची भीती होती. निघालो तेव्हा दोन भीती झाल्या होत्या.

मे-जून तसे बरे गेले. नदीला बर्फाचं पाणी होतं, सगळ्यांना पुरत होतं, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी रोज पाटावर जाऊन दाराच्या चाकाला आणि आट्यांना शिलाई मशिनचं तेल घालत असे. घाबरलेल्या माणसाला हाताला काहीतरी चाळा लागतो. पूर्वी ते चाक फिरवायला दोन दांडगे गडी लागत आणि किंकाळी वस्तीभर ऐकू जाई. महिन्याभरात ते एका हाताने आणि मुकाट्याने फिरू लागलं.

जुलैत पाणी उतरलं. मग पाळी लागली. चार दिवस वरच्या वस्तीला, चार दिवस खालच्या. दार बंद केलं की पाणी खाली जातं, उघडलं की बोरुबायच्या चारीत. पाळी बदलते भर दुपारी, पाटाकाठी दक्षिणेकडे कलती रोवलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशी आली की.

पहिल्या पाळीला सावली बुडाशी आली तेव्हा मी घरी पलंगाखाली एक सुई शोधत होतो. ती सुई मला दोन दिवस सापडली नाही. तोवर बोरुबायने सहा दिवस पाणी भरलं होतं आणि खालच्या वस्तीला दोन दिवस मिळाले.

ते दोन दिवस संपताच, सोमवारी, खालच्या वस्तीतली कानिमगुल आली. तिच्या एकटीच्या जिवावर चार एकर घेवडा. एक रोप तिने मुळासकट उपटून आणलं होतं, ते तिने माझ्या शिलाई मशिनवर ठेवलं. फुलं आली होती, पण बोट लावताच गळत होती.

"हे बघा, मुरापसाहेब."

"बघतोय."

"आता येणारी पाळी चुकली, तर चाळीस घरांचा घेवडा गेला. फुलात पाणी तुटलं की शेंग धरत नाही. तुम्हाला मशिनं कळतात, घेवडा कळतो का?"

"कळतो."

"मग शुक्रवारी दुपारी दार बंद करणार का?"

मी मशिनला तेल घालू लागलो. ती रोप तिथेच ठेवून निघाली. दारातून वळून म्हणाली, "पाणी घालायला शिकलात सतरा वर्षं. पाहुण्यांच्या हातावर! शेताचं नाव काढलं की झारी रिकामी!"

"खरं बोलते हो बाई," सासू आतून म्हणाली.

शुक्रवारपर्यंत मी काही खाल्लं नाही. पोटात भीती बसली होती, भाकरीला जागा नव्हती. पळून जायचा विचार केला. रशियाला जाणारी बस बुधवारी सुटते. बुधवारी मी बसथांब्यापर्यंत जाऊनही आलो. बसमध्ये जागा होती. मी का चढलो नाही, हे मला अजून सांगता येत नाही. ते रोप मशिनवर वाळत पडलं होतं, आणि बुरुलने ते उचललं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी सकाळी तिने माझ्या सदऱ्याची वरची दोन बटणं उसवून काढली.

"हे काय?"

"त्याने गळपट्टी धरली तर सदरा हातात येईल. तू नाही येणार."

अशी बायको असल्यावर भीती कमी व्हायला हवी. माझी वाढली.

मी पाटावर पोचलो तेव्हा सावली काठीपासून चार बोटं होती. बोरुबाय दाराच्या फळीवर बसला होता, मांडीवर खोरं आडवं. डोक्यावर पांढरी उंच टोपी. पलीकडच्या काठाला कानिमगुल आणि खालच्या वस्तीतले दहा-बारा जण. मारामारीला पुरतील इतके नव्हते, साक्षीला पुरतील इतके होते.

"सलाम, बाइके."

"ये, जावया. जेवलास?"

"नाही अजून."

"मग घरी जा, जेव. रिकाम्या पोटी माणूस घसरतो."

पाण्याचा आवाज येत होता. त्याच्या चारीत ते भरभरून चाललं होतं, गार, हिरवट. मी काठीकडे पाहिलं.

"बाइके, सावली..."

"सावलीचं काय?"

"टेकली बुडाला."

"मग काठी सरकव."

पलीकडून कोणी हसलं नाही. मी गुडघे टेकले. टेकले म्हणजे, ते आपणहूनच वाकले आणि खाली दार होतं, ही सोय. हँडल चाकात बसवायचा प्रयत्न केला. दातखीळ बसलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालावा तसं ते लोखंड लोखंडावर वाजत होतं. एकदा चुकलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बसलं.

फळी करकरली. बोरुबाय उठला होता.

"जावया," तो अगदी मायेने म्हणाला, "घसरशील."

त्याची सावली माझ्या अंगावर आली. उजवा हात माझ्या गळ्याकडे येताना दिसला. आणि मी, कोणत्याही भित्र्या माणसाने केलं असतं तेच केलं. डोळे घट्ट मिटले आणि तोंड वाचवायला दोन्ही हात वर धरले.

मार आला नाही.

मी वाट पाहिली. मार उशिरा आला तर जास्त लागतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. पाण्याचा आवाज तसाच. मग बोरुबायचा आवाज आला, पण तो त्याचा वाटत नव्हता.

"नको. नको, जावया. हात... हात खाली घे."

मी एक डोळा उघडला. बोरुबाय दोन पावलं मागे गेला होता, खोरं खाली पडलं होतं. त्याची टोपी पाण्यात पडून त्याच्याच चारीतून त्याच्याच शेताकडे निघाली होती आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता. पलीकडे कानिमगुलने ओढणी तोंडात धरली होती.

मग मीही माझ्या हातांकडे पाहिलं. हातांची पाठ माझ्याकडे. तळवे त्याच्याकडे.

हात खाली घ्यावेत तर हा मारणार. वर ठेवावेत तर... आणि खरं सांगायचं तर ते खाली येतच नव्हते, खांदे आखडून गेले होते. बोरुबायला तो माझा निर्धार वाटला.

"माझी नातवंडं आहेत रे," तो म्हणाला. "बंद कर ना दार! कर! तुला अडवलं कोणी?"

हे सगळं गावाला माहीत आहे. पुढचं कोणालाच माहीत नाही. त्या क्षणी माझ्या जिभेवर शब्द आले. 'तुझी चारी कोरडी पडो.' कुठून आले देव जाणे. पण आले ते तयार होऊन, ओठांच्या आतल्या बाजूला रांगेत उभे होते. आणि त्यांची चव गोड होती. पाहुण्यांच्या हातावर सतरा वर्षं पाणी घातल्याची सगळी चव त्यात होती. मी ते गिळले.

हात हळूहळू खाली आले. हँडल धरलं. सात फेरे. चाक मुकाट्याने फिरलं. पाणी दारापाशी थबकलं, फुगलं आणि खालच्या वस्तीकडे वळलं.

त्या संध्याकाळी सासूने माझ्या ताटात पहिल्यांदा चांगला मांसल तुकडा वाढला आणि माझ्या हातांवर नजर ठेवत उलट्या पावली मागे सरली. गावात मला कोणी झारीला हात लावू देईना. रस्त्यात मी केस मागे सारायला हात उचलला तर समोरचा माणूस गल्ली बदलायचा. मी दोन्ही हात खिशात घालून फिरू लागलो. तेव्हा लोक म्हणाले, बघा, केवढा दरारा, हात बाहेरसुद्धा काढत नाही.

चार दिवसांनी खालची पाळी संपत आली. दुपारी दार उघडून बोरुबायला पाणी द्यायचं होतं. कानिमगुल सकाळीच पाटावर येऊन बसली होती.

"मुरापसाहेब, एक दिवस द्या."

"पाळी संपली, कानिमगुल."

"तीन वर्षं तो आमचं खात होता. एक दिवस मागतेय. शेंगा धरायला लागल्यात, या, बघा तरी!"

"खरंय तुझं."

"मग? तो भांडायला यायचाही नाही. आलाच, तर हात उचला."

"अगं, तो हात मी मार चुकवायला उचलला होता!"

कानिमगुलने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. बाई हुशार आहे. मग हळूच म्हणाली, "हे दुसऱ्या कोणाला सांगू नका."

शुक्रवारी मला जी भीती वाटली होती, ती ह्या भीतीपुढे काहीच नव्हती. शुक्रवारी फार तर एक हाड गेलं असतं. आज मला मारणारं कोणी नव्हतं. मी एक दिवस दिला असता तर चाळीस घरांनी मला खांद्यावर घेतलं असतं. दोन दिवस दिले असते तरी चाललं असतं. काठी सरकवली असती तरी कोणी विचारलं नसतं. आणि जिभेच्या मुळाशी ते गिळलेले शब्द पुन्हा वर येऊन बसले होते, चालत्या दुकानात गिऱ्हाईक बसावं तसे.

बोरुबाय आला होता. तीस पावलांवर, झाडाखाली उभा. नवी टोपी काढून हातात धरलेली. जवळ यायची आणि मागायची त्याला भीती वाटत होती, आणि मला ती दुरून ओळखता आली. माझ्याइतकी ती ओळखीची दुसऱ्या कोणाला असणार! त्याच्या मागे त्याचं हिरवं रान पिवळं पडायला लागलं होतं.

सावली काठीच्या बुडाशी आली. मी खिशातून हात काढले. कानिमगुल दचकून मागे झाली, बोरुबाय झाडामागे गेला. मी खाली बसलो, हँडल लावलं आणि दार उघडलं.

"जावई तो जावईच!" कानिमगुल माझ्या पाठीमागे ओरडली. "शेवटी सासरच्यांनाच पाणी पाजलं!"

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. निदान एक माणूस तरी मला शिव्या देत होतं.

चाळीस घरांना त्या वर्षी पुरता घेवडा झाला असं नाही, पण झाला. बोरुबायलाही झाला. पाळी पुढे सबंध उन्हाळाभर सावलीवर चालली.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मेंढी कापली. आदल्या दिवसापासून मला एकच धास्ती होती. आबा हात धरतील, आणि तो थरथरला नाही तर? एक वर्ष मला कोणी दरडावलं नव्हतं. माणसाची सवय जाते.

"उपाशी जा," बुरुल म्हणाली, "म्हणजे थरथरेल."

"आबांना उपासाची थरथर कळते."

"मग जाऊच नकोस," ती म्हणाली, आणि तिने मला स्वच्छ सदरा दिला. वरची दोन बटणं लावलेला.

पंगतीत मी झारी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. बोरुबायसमोर गेलो तेव्हा त्याने हात पुढे केले, आणि अर्धं पाणी तस्ताबाहेर सांडलं. माझ्या हातामुळे नाही. मला क्षणभर त्यात मजा वाटली, आणि लगेच त्या मजेचीच भीती वाटली.

शेवटी आबांपाशी पोचलो. "कुठाय तो?" त्यांनी विचारलं, आणि मनगट धरलं.

धरूनच ठेवलं. मी माझ्या हाताकडे बघत होतो. तो दगडासारखा स्थिर दिसत होता. आबांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, संपलं, ह्यांना कळलं, पिवळ्या पडलेल्या रानाकडे बघताना मला काय वाटलं होतं तेही कळलं. आणि त्या विचारासरशी बोटांच्या टोकांपासून ते सुरू झालं, मनगटात आलं, कोपरापर्यंत गेलं. झारीचं झाकण खडखड वाजू लागलं.

"हं," आबा म्हणाले. "आहे अजून. ह्या वर्षी चालेल."

त्यांनी तळवे उघडले. चाळीस जणांचे तळवे उघडले. बोरुबाय मानाच्या जागी मांडी घालून बसला होता. ह्या वेळी त्याच्या पायाला मुंग्या आल्या नव्हत्या, तरी तो उठला नाही. आणि ओमीन म्हणताना त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.